आधी मोजा, मग घासा: हेडचा फ्लो घरच्या बेंचवर कसा तपासायचा

पोर्टिंग, म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या हवेच्या वाटा (पोर्ट) घासून सुधारणं, शिकायला येणारा पोट्टा पहिल्याच दिवशी ग्राइंडर मागतो. मी त्याला आधी हार्डवेअरच्या दुकानात पाठवतो, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणायला. पाच मीटर. हेडमधून हवा किती जाते हे ज्याला मोजता येत नाही त्याने पोर्टाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. घासलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही. आणि आपल्याला गुळगुळीत, मोठं, देखणं वाटणारं पोर्ट हवेला आवडेलच याचा काही भरवसा नसतो.

हा लेख अगदी नवख्यासाठी आहे. ज्याला हेड उतरवता-चढवता येतं, वॉल लॅप करता येतो, व्हर्नियर वाचता येतो, पण ज्याने फ्लो बेंच कधी पाहिला नाही, त्याच्यासाठी. (पुस्तकात व्हॉल्व्ह म्हणतात, गॅरेजात आपण वॉल म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो.) उदाहरणाला स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं हेड घेतलंय, बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. असं हेड आणि त्याचा झिजलेला ब्लॉक नागपुरात भंगारात सहज सापडतो, आणि शिकताना बिघडलं तरी खिशाला फार चटका बसत नाही.

बेंच नेमकं काय सांगतो

फ्लो बेंच म्हणजे एक घट्ट पेटी आणि तिच्यातून हवा ओढणारी मोटर. पेटीच्या डोक्यावर हेड बसवायचं, वॉल ठरलेल्या मापाने उघडा धरायचा, मोटर लावायची. हवा पोर्टातून आत शिरते, वॉलभोवतीच्या फटीतून पेटीत उतरते. आपण दोनच गोष्टी बघतो: ओढ किती लावली, आणि तेवढ्या ओढीला हवा किती आली. ओढ इंच-पाण्यात मोजतात, म्हणजे ती नळीतल्या पाण्याच्या पातळीत किती इंच फरक पाडते त्यावर, आणि हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर.

इथेच पहिली चूक होते. कुणी सांगतो, "भाऊ, माझ्या हेडचा फ्लो पन्नास आहे." पन्नास, पण किती इंचांवर? १० इंचांवरचे पन्नास आणि २८ इंचांवरचे पन्नास ही दोन अगदी वेगळी हेडं आहेत. हवा ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ओढ दुप्पट केली तर हवा १.४१ पट होते, दुप्पट होत नाही. १० इंचांवरचा आकडा २८ इंचांवर न्यायचा तर १.६७ ने गुणायचं. जगात बहुतेक ठिकाणी २८ इंचांवरचे आकडे बोलले जातात, म्हणून वहीत प्रत्येक आकड्याशेजारी इंच लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगतो. बेंचवर हवा संथ, एकसारखी वाहते. इंजिनात ती झटक्याझटक्याने येते, वॉल उघडतो-मिटतो, पिस्टन ओढतो, लाटा उठतात. त्यामुळे बेंचवरच्या आकड्यातून गाडीची ताकद काढायला जाऊ नका. बेंच हा तराजू आहे: कालचं पोर्ट आणि आजचं पोर्ट, या सिलिंडरचं आणि त्या सिलिंडरचं, कंपनीचं आणि आपण घासलेलं. तराजू खरा असेल तर एवढ्यावर सगळं काम चालतं. म्हणून या लेखाच्या पुढच्या भागातला निम्मा मजकूर हेडबद्दल नाहीच, तो तराजू खरा कसा ठेवायचा याबद्दल आहे.

पेटी

प्लायवूड लाकडगंजातून आणा, १८ मिमी जाड. बारा मिमीने काम भागेल असं वाटतं, भागत नाही. २८ इंच म्हणजे ७११ मिमी पाणी, म्हणजे पेटीच्या प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरून सुमारे ७११ किलोचा दाब. पातळ फळी आत वाकते, सांधा उघडतो आणि गळती सुरू होते. अडीच फूट उंच, दीड-दीड फूट रुंद-खोल पेटी छोट्या हेडांना पुरते. मध्ये एक आडवी फळी टाकून दोन खण करा. वरच्या खणाच्या छतावर हेड बसेल, मधल्या फळीत ओरिफिस प्लेट बसेल, खालच्या खणाला मोटर लागेल. सांध्यांना फेविकॉल, वरून सिलिकॉन, आतून ऑइल पेंटचे दोन हात.

ओरिफिस प्लेट म्हणजे नेमक्या मापाचं गोल भोक असलेली ३ मिमीची ॲल्युमिनियमची चकती. हिंगण्याला एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडून करून घ्या, पण ड्रिलने पाडलेलं भोक नको, बोअर केलेलं हवं. हवा ज्या बाजूने येते त्या बाजूची कड धारदार, मागच्या बाजूला ४५ अंशांचा उतार. कड जराशी गोल झाली तरी हवा जास्त जाते आणि मोजमाप बिघडतं, म्हणून या चकत्या टूलबॉक्समध्ये पान्यांसोबत टाकू नका. मी फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून ठेवतो. दोन चकत्या करा: आत बसवायला ३२ मिमी भोकाची, आणि वर हेडच्या जागी ठेवून तपासायला २५ मिमीची.

मोटर व्हॅक्यूम क्लीनरची चालते. २८ इंचांवर काम करायचं तर १४०० वॉटच्या दोन, शेजारीशेजारी जोडलेल्या. एकच असेल तर १० इंचांवर चाचणी करा, त्यात कमीपणा काही नाही. दोन मोटर मिळून १२ अँपिअरच्या वर जातात, तेव्हा १६ अँपिअरचा प्लग आणि जाड वायर लावा. ओढ कमी-जास्त करायला खालच्या खणाला दीड इंची बॉल व्हॉल्व्ह लावा. तो उघडला की मोटर बाहेरची हवा ओढते आणि हेडवरची ओढ उतरते. या मोटरा आपल्याच हवेने थंड होतात. सगळं बंद करून त्या ओढत ठेवल्या तर काही मिनिटांत जळतात.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. या मोटरीत कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात. पेट्रोलने धुतलेलं ओलं हेड बेंचवर ठेवलं तर ती वाफ थेट ठिणगीवर जाते. हेड धुवून, कॉम्प्रेसरने उडवून, उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय पेटीवर येता कामा नये. शिकाऊ पोरांना हे मी दररोज सांगतो.

नळ्या आणि पाणी

आता ती लेव्हलची नळी. एका उभ्या फळीवर नळी यू आकारात बसवायची, मधोमध मिलिमीटरची पट्टी. २८ इंचांना दोन पातळ्यांमधलं अंतर ७११ मिमी होतं, म्हणजे एका बाजूला पाणी साडेपस्तीस सेंटीमीटर चढतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच उतरतं. फळी निदान मीटरभर उंच हवी. पाण्यात निळीचे दोन थेंब टाका, रेषा लांबून दिसते. बुडबुडे राहू देऊ नका.

पहिल्या यू नळीचं एक टोक वरच्या खणाला, दुसरं मोकळ्या हवेत. ही आपली ओढ. दुसऱ्या यू नळीचं एक टोक वरच्या खणाला आणि दुसरं खालच्या खणाला. हा ओरिफिसच्या दोन्ही बाजूंचा फरक, यावरून हवा कळते. खणात नळी कोपऱ्यात, फळीच्या पृष्ठभागाला समपातळीत संपली पाहिजे, हवेच्या झोतात आली तर खोटं वाचन देते. प्रत्येक नळीच्या वाटेत एक रिकामी बाटली बसवा. मोटर लावताना बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला पाहिजे. तो विसरलात तर निळं पाणी एका क्षणात पेटीत जातं, तेव्हा बाटली वाचवते.

तराजू खरा करणं

छतावरच्या भोकावर सपाट जाड प्लेट ठेवा, खाली पातळ रबर, आणि ओढ २८ इंचांवर आणा. दुसऱ्या नळीत पाणी हललं नाही पाहिजे. हललं तर गळती आहे. उदबत्ती पेटवून सांध्यांवरून हळूहळू फिरवा, धूर जिथे आत खेचला जातो तिथे सिलिकॉन भरा.

गळती संपली की २५ मिमीची चकती वर ठेवा. धारदार कडेच्या भोकातून, साधारण १.२ किलो प्रति घनमीटर घनतेची हवा धरली तर, २८ इंचांना सुमारे ६८ सीएफएम हवा जाते. (भोकाचा गुणांक ०.६१ धरलाय.) त्याच वेळी दुसऱ्या नळीवर, आतली चकती ३२ मिमीची असेल तर, साडेदहा इंचांच्या आसपास फरक दिसायला हवा. बराच वेगळा दिसला तर कुठेतरी गळती आहे किंवा भोकाचं माप चुकलंय, पुढे जाऊ नका. जो फरक दिसला तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. समजा तो १०.४ इंच आहे. आता कुठलंही हेड लावा, ओढ २८ वर आणा, दुसऱ्या नळीवर ५.२ इंच दिसले, तर ५.२ भागिले १०.४ म्हणजे अर्धा, अर्ध्याचं वर्गमूळ ०.७०७, गुणिले ६८, म्हणजे ४८ सीएफएम. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

ही २५ मिमीची चकती रोज सकाळी कामाआधी आणि काम संपल्यावर लावून बघायची. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा एका टक्क्याच्या आत जुळला तरच त्या दिवसाची नोंद खरी धरायची.

सुरुवातीच्या काळात मी हे करत नव्हतो. एका हेडवर दिवसभर घासून नऊ टक्के फायदा मिळाला म्हणून रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की हेडखालचं गॅसकेट एका बाजूने सरकलं होतं आणि माझे नऊ टक्के त्या फटीतून आत येत होते. ते हेड मी तोवर नको तिथे नको तेवढं घासून बसलो होतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचं काय

हा प्रश्न नवतपात हमखास येतो. मे महिन्यात पारा ४५ ला, डिसेंबरच्या पहाटे दहा-बाराला. हवा तर सरळ दहा-अकरा टक्क्यांनी पातळ होते, मग आकडे जुळणार कसे? उत्तर आनंदाचं आहे. जी पातळ हवा हेडमधून जाते तीच ओरिफिसमधूनही जाते. दोन्हीकडे ती सारख्याच प्रमाणात जास्त वेगाने धावते, त्यामुळे दुसऱ्या नळीवरचा फरक जवळपास तोच राहतो. म्हणून ६८ चा आकडा एकदा धरला की तो बाराही महिने तोच धरा. मे महिन्यात बसून घनता मोजून सूत्र बदललंत, तर त्याच चकतीचे ७२ येतील आणि जुनी वही निरुपयोगी होईल.

उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळा आहे. दुपारी सगळ्या मोहल्ल्यात कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि ओढ २८ वरून घसरते. म्हणून प्रत्येक वाचनाआधी ओढ पुन्हा २८ वर आणायची, एकदा लावून सोडून द्यायची नाही. आणि आपला कूलर बेंचकडे तोंड करून ठेवू नका. पोर्टाच्या तोंडावर वारा येत असेल तर पाणी नाचतं आणि वाचन जमत नाही. मी मोजताना कूलर बंद करतो, घाम येऊ देतो. नळीतलं पाणीही उन्हाळ्यात उडतं, शून्य रोज तपासा.

हेड बसवणं

हेड पेटीवर थेट ठेवायचं नाही. इंजिनात वॉलच्या खाली सिलिंडरची भिंत असते, ती हवेला अडवते, तशीच भिंत बेंचवरही हवी. लोक पीव्हीसी पाइप वापरायला जातात आणि फसतात, कारण आपल्याकडे ५० मिमीचा पाइप म्हणजे बाहेरून ५० मिमी, आतून त्याहून कमी. सगळ्यात सोपं म्हणजे त्याच गाडीचा भंगारातला ब्लॉक. बोअर बरोबर मिळतो, स्टडची भोकं जुळतात, हेड नट आवळून बसवता येतं. भिंतीची लांबी निदान बोअरएवढी हवी.

कार्बन काढा, वॉल लॅप करा. सीट, म्हणजे वॉल टेकतो ती कड, गळकी असेल तर कमी लिफ्टचे (लिफ्ट म्हणजे वॉल किती मिमी उघडलाय ते) सगळे आकडे खोटे येतात. स्पार्क प्लग लावा, हे हमखास विसरतं. मूळ स्प्रिंग काढून हलकी स्प्रिंग टाका, पेनातल्या स्प्रिंगहून थोडी जाड, म्हणजे बोटाने वॉल दाबता येईल पण ओढीने तो आपोआप उघडणार नाही. वॉलच्या दांड्याच्या डोक्यावर एका पट्टीतून बोल्ट आणा, बोल्ट फिरवला की वॉल खाली जातो. शेजारी डायल गेज लावा. शून्य वॉल बंद असताना.

इनटेक पोर्टाच्या तोंडाशी मुलांच्या खेळण्यातली क्ले घेऊन गोल ओठ करा, बोटाएवढा जाड, आत वळत जाणारा. नुसत्या धारदार कडेवरून हवा आत शिरताना आक्रसते आणि काही टक्के फ्लो तिथेच जातो. मग पोर्टातली सुधारणा दिसतच नाही. हा ओठ दर वेळी सारखाच झाला पाहिजे, म्हणून लेथवर लाकडाचा एक कायमचा करून घेतलात तर उत्तम.

मोजणं आणि वाचणं

वॉल १ मिमी उघडा, ओढ २८ वर आणा, पाणी थांबलं की वाचा, लिहा. मग २, ३, ४, असं कॅमच्या कमाल लिफ्टच्या एक पायरी पुढपर्यंत. वर गेलात की उलट खाली या आणि पुन्हा वाचा. दोन्ही रांगा जुळत नसतील तर डायल गेज ढिलं आहे किंवा हेड बसलेलं नाही. हे सगळं ग्राइंडर लावायच्या आधी, जसंच्या तसं हेड असताना. ही पहिली रांग पुन्हा कधीच मिळणार नाही.

आता वहीतल्या आकड्यांकडे नीट बघा. वॉल थोडा उघडा असताना हवेची वाट म्हणजे वॉलभोवतीचा गोल पडदा, परीघ गुणिले लिफ्ट. वॉल आपल्या व्यासाच्या पाव भाग उघडला की हा पडदा वॉलच्या तोंडाएवढाच होतो. २४ मिमीच्या वॉलला ती जागा ६ मिमीवर येते. त्याच्या बरंच खाली, १-२-३ मिमीवर, सगळा कारभार सीट आणि वॉलच्या कोनांच्या हातात असतो. पोर्ट कितीही घासलं तरी तिथे आकडा हलत नाही. त्याच्या आसपास आणि वर गेलं की पोर्ट बोलायला लागतं.

म्हणून रांग तीन प्रकारची दिसते. २-३ मिमीला कमी असेल तर सीटकडे बघा: ४५ अंशांची पट्टी फार रुंद आहे का, तिच्या वरखाली ३० आणि ६० अंशांचे कट आहेत का. नवख्याला यातूनच सगळ्यात स्वस्त फायदा मिळतो. वॉल इंजिनाच्या प्रत्येक चक्रात कमी लिफ्टवरून दोनदा जातो, शिखरावर एकदाच, हे विसरू नका. ५ नंतर रांग सपाट झाली तर सगळ्यात अरुंद जागा शोधा, बहुतेक वेळा गाईडचा (वॉलचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीचा) फुगवटा किंवा वॉलच्या मागची गोल जागा, जिला आपण बाऊल म्हणतो. आणि ५ ला जास्त, ६ ला कमी असं झालं, सोबत फरफर आवाज यायला लागला, पाणी थरथरू लागलं, तर हवा आतल्या वळणावरून सुटतेय. पोर्ट सीटकडे जिथे वळतं त्या वळणाची आतली, छोटी बाजू. तिथे धार असेल तर हवा वळत नाही, सरळ जाऊन समोर आपटते. हा आवाज ओळखायला शिका. चांगल्या कारागिराचा कान पाण्याच्या आधी सांगतो.

हवा नेमकी कुठे धावतेय ते बघायला २ मिमीची पितळी नळी घ्या, टोक वाकवून हवेच्या दिशेला करा, दुसरं टोक वेगळ्या यू नळीला. पोर्टाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून फरक लिहा. एका बाजूला फार वेग आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही, असं दिसलं तर पोर्टाचा तो भाग हवा वापरतच नाही. तो आणखी मोठा करून काय मिळणार? तिथे एपॉक्सी भरून बघा. कित्येकदा फ्लो कमी होत नाही आणि वेग वाढतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीनदा मोजलं.

एक्झॉस्टसाठी हवा उलटी, पेटीतून बाहेर फुंकायची, म्हणजे मोटरीचं तोंड बदलायचं आणि वर-खालच्या नळ्यांची टोकंही. मात्र हवा आता ओरिफिसमधून उलट बाजूने येते, म्हणून चकती पालटून धारदार कड खाली करा आणि २५ मिमीची चकतीही उलटी ठेवून पुन्हा तपासा. पोर्टाला हातभर लांब पाइपचा तुकडा जोडा, क्ले नको. एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या ७० ते ८० टक्के असावा असं सर्वसाधारण गणित धरतात.

ग्राइंडर हातात घेताना

एका वेळी एकच बदल. सीटचे कोन केले, मोजा. आतलं वळण गोल केलं, मोजा. गाईडचा फुगवटा निमुळता केला, मोजा. तीन गोष्टी एकदम करून पाच टक्के वाढले तर त्यातली एखादी गोष्ट दोन टक्के खात असेल आणि तुम्हाला कधीच कळणार नाही. पोर्ट नुसतं रुंद करण्याचा मोह टाळा. २८ इंचांवरचा वरचा आकडा वाढतो, पण रोज सीताबर्डीच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीला कमी आरपीएमवर वेग हवा असतो, आणि तो मोठ्या पोर्टात मरतो. कार्बोरेटरच्या गाडीत इनटेकला आरशासारखं पॉलिशही करू नका, ८० नंबरच्या पेपरचा खरखरीतपणा ठेवा, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून धारेने वाहत नाहीत. एक्झॉस्ट मात्र चकचकीत करा, कार्बन कमी धरतो.

आकडा वाढायचा थांबला की थांबा. मग वॉल पुन्हा लॅप करा, पेस्ट आणि ॲल्युमिनियमचा कीस साबणाच्या गरम पाण्याने धुवा, ऑइलची भोकं हवेने साफ करा, तारेने नको. मूळ स्प्रिंगा लावा, नवं गॅसकेट टाका, टॅपेट थंड इंजिनावर सेट करा. हेडमधून जास्त हवा जायला लागली की कार्बोरेटरमधल्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडू शकतं, म्हणून पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर प्लग काढून रंग बघा: पांढुरका दिसला तर मेन जेट एक नंबर वाढवा आणि पुन्हा बघा.